सवाईपलीकडचं पुणे: छोट्या मैफली शोधाव्यात कशा आणि जगवाव्यात कशा

पुण्यात गाणं ऐकायला सुरुवात कुठून करू, असं कुणी विचारलं की हमखास एकच उत्तर मिळतं: डिसेंबरात सवाईचा पास काढ. पंडित भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव या शहराचं वैभव आहे, आणि मीही वर्षानुवर्षं तिथे भारतीय बैठकीवर मांडी घालून बसत आलो आहे. पण त्या मांडवापर्यंत पोचण्याआधी गाणारा मुलगा किंवा मुलगी दहा-पंधरा वर्षं कुठे गाते, हे कुणी सांगत नाही. ती गाते चाळीस माणसांच्या खोलीत. लातूर, रत्नागिरी, बेळगावहून कॉलेजसाठी आलेली असते, सकाळी गुरूंकडे, दुपारी वर्गात, संध्याकाळी शिकवण्या. ती खोली भरली तर ती गाणं सोडत नाही. म्हणून हा लेख त्या खोलीबद्दल आहे.

मैफली शोधायच्या कशा

यात काहीच अवघड नाही. वर्तमानपत्रातलं ‘शहरातील कार्यक्रम’ छापाचं सदर रोज वाचा. एका मैफलीला गेलात की दारावरच्या संयोजकाला नंबर द्या, व्हॉट्सअॅपवर पुढच्या दहा मैफलींची निमंत्रणं आपोआप येतील. शनिवार पेठेतलं सुदर्शन रंगमंच, हिराबागेतलं ज्योत्स्ना भोळे सभागृह, विद्यापीठाचं ललित कला केंद्र, भास्करबुवा बखल्यांनी १९११ साली स्थापन केलेला भारत गायन समाज, विनायकबुवा पटवर्धनांचं १९३२ सालचं गांधर्व महाविद्यालय, या पत्त्यांवर डोळा ठेवलात तरी पुरे.

त्यातही आषाढ सोडू नका. गुरुपौर्णिमेनंतरचे काही आठवडे शहरभर गुरूंच्या शिष्यांचे कार्यक्रम होतात. सकाळी नऊला सुरू झालेला कार्यक्रम संध्याकाळपर्यंत चालतो, प्रवेश खुला असतो, आणि समोर बहुतेक आईवडीलच बसलेले असतात. सुरुवातीची लहान मुलं भूप, दुर्गा असे राग गातात. दुपारी चारच्या पुढे मोठे शिष्य बसू लागतात, तेव्हा कान टवकारा. मला आज आवडणाऱ्या गायकांपैकी निम्मे मी असेच, अर्ध्या रिकाम्या हॉलमध्ये पहिल्यांदा ऐकले.

सगळ्यांना ऐकायचा हव्यास मात्र धरू नका. तीन-चार जण निवडा आणि वर्षभर त्यांच्या मागे राहा. एकाच गायिकेचा यमन जुलैत, नोव्हेंबरात आणि मार्चमध्ये ऐकलात की आलाप कुठे सैल होता आणि आता कुठे भरला, हे तुम्हाला कळू लागतं. तिलाही कळतं की तिसऱ्या ओळीतला तो माणूस पुन्हा आला आहे. ‘पोस्ट शेअर करा, लाइक करा, हाच पाठिंबा’ असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. शेअर करा, पण घरातून उठून जा.

ऐकायचं कसं

वेळेवर या, फोन बंद करा, बडा ख्याल, म्हणजे रागाची संथ लयीतली मुख्य मांडणी, चालू असताना उठू नका. तरुण गायकाकडे अभंगाची फर्माईश करू नका, त्याने महिनाभर जो राग घोटला आहे तो त्याला मनासारखा मांडू द्या. रेकॉर्डिंग करायचं तर आधी विचारा. न विचारता अर्धवट तुकडा नेटवर टाकणं हा त्या मुलावर अन्याय आहे, कारण चुकलेली एक तान वर्षानुवर्षं त्याच्या नावावर फिरते. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, मान हलली, तोंडून ‘वा’ गेलं, एवढी दाद भरपूर झाली. आणि तबल्याला, पेटीलाही दाद द्या.

घरी बैठक भरवणं

वर्षभर ऐकलंत की पुढची पायरी आपोआप सुचते: आपल्याच घरी एक बैठक. हॉल नको, मांडव नको. पंधरा बाय वीसची खोली, सतरंज्या, एक गादी, स्वच्छ पांढरी चादर. सोसायटीला आधी कल्पना द्या. चाळीस माणसांत माइक लावू नका, अजिबात लावू नका. तंबोऱ्यांचा झंकार नुसत्या कानांनी ऐकणं हे घरगुती बैठकीचं खरं सुख आहे आणि स्पीकर ते सुख मारून टाकतो. तंबोऱ्यांवर पंख्याचा थेट वारा येऊ देऊ नका, स्वर हलतात. ते लावायला वीस मिनिटं लागतील असं धरूनच वेळ छापा. गायकाचा किंवा गायिकेचा स्वर (पट्टी) कोणता, हे तबलजींना आधी कळू द्या, म्हणजे ते त्या स्वराचा तबला घेऊन येतील.

वेळ निवडायला तुम्ही मोकळे आहात, त्याचा फायदा घ्या. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक चालत नाही, सवलतीचे दिवस मोजके असतात. त्यामुळे मोठ्या कार्यक्रमांचा सगळा भर संध्याकाळवर येतो, आणि तरुणांच्या वाट्याला सहा ते आठ हीच वेळ येते. मग सगळेच यमन, पूरिया, मारवा. घरी तुम्ही रविवारी सकाळी नऊला तोडी ऐकू शकता, अकराला वृंदावनी सारंग, दुपारी साडेतीनला भीमपलास आणि मुलतानी. ‘एरवी जो राग गायला वेळ मिळत नाही तो गाल का?’ असं एकदा विचारून बघा. समोरच्याचा चेहरा उजळतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

इथपर्यंत सगळं सोपं. अवघड आहे ते पुढचं, आणि तिथेच बहुतेक चांगल्या मनाची माणसं चुकतात. मीही चुकलो.

पैशांचं बोलणं

माझी पहिली बैठक सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत झाली. गायिका तेवीस वर्षांची, कॉलेज नुकतंच संपलेलं. मी फोनवर विचारलं, ‘मानधन काय घेतेस?’ ती म्हणाली, ‘काका, तुम्ही ठरवा.’ मला तो विनय फार आवडला आणि मी ते तिथेच सोडून दिलं. दारात एक डबा ठेवला, ‘स्वेच्छेने’ असं लिहून. पस्तीस माणसं आली, बागेश्री राग उत्तम झाला, सगळे भारावून गेले. डब्यात अकराशे चाळीस रुपये जमले. मी पदरची भर घालून तीन हजारांचं पाकीट केलं, वर सहाशेची शाल, श्रीफळ आणि गुच्छ. रात्री समाधानाने झोपलो.

सहा-सात महिन्यांनी तबलजी दुसऱ्या एका मैफलीत भेटले आणि बोलता बोलता कळलं की त्या दिवशी तिने त्यांना दीड हजार दिले होते आणि पेटीवाल्यांना दीड हजार. म्हणजे माझं पाकीट तिच्या हाती पडलं आणि तिथल्या तिथे रिकामं झालं. गुरूंच्या घरून तंबोरे आणायची आणि परत पोचवायची रिक्षा तिने स्वतःच्या खिशातून केली. माझ्या घरी गाण्यासाठी तिनेच पैसे मोजले होते, आणि जाताना मला वाकून नमस्कार केला होता. ते ऐकून मला जे वाटलं ते मी आजही विसरलेलो नाही.

ही एका मुलीची गोष्ट नाही. आपल्याकडे गाणं शिकवताना थोरामोठ्यांसमोर पैशांचं बोलू नये हेही शिकवलं जातं. त्यामुळे ‘तुम्ही ठरवा’ हे उत्तर नसतं, ती अडचण असते. साथीदार व्यवसाय म्हणून वाजवतात, त्यांना द्यावंच लागतं, आणि ते देण्याची जबाबदारी मुख्य कलाकाराची असं सगळे गृहीत धरतात. तरुण गायकाला साथीदार दुखावून चालत नाही, मग तो स्वतःचं शून्य करून घेतो. म्हणून माझे नियम असे, आणि यात मी तडजोड करत नाही.

आधी आकडा, मग तारीख. ‘तुम्ही ठरवा’ आलं की आकडा तुम्ही उच्चारा, तोही फोडून: तुला इतके, तबल्याला इतके, पेटीला इतके, तंबोऱ्यांवर बसणाऱ्यांना इतके, तंबोरे आणण्याची रिक्षा वेगळी. मग म्हणा, ‘उद्यापर्यंत विचार कर, कमी वाटलं तर मोकळेपणाने सांग.’ हा एक दिवस महत्त्वाचा आहे. त्याच फोनवर कुणीही नाही म्हणत नाही.

साथीदारांशी स्वतः बोला. गायिकेमार्फत निरोप नको. त्यांचा आकडा त्यांनाच विचारा, ते स्पष्ट सांगतात, आणि त्यांचं पाकीट त्यांच्याच हातात द्या. पेटीवाल्याला तबलजींपेक्षा कमी देण्याची रीत काही ठिकाणी आहे, ती मला मान्य नाही. दोघेही तेवढेच तास बसतात.

डबा ठेवू नका. ‘स्वेच्छेने’ या शब्दाने चांगली सधन माणसंही हात जोडून पुढे जातात. त्यात दुष्टपणा नसतो, किती द्यावं हे त्यांना समजत नाही. ठरावीक रक्कम सांगा आणि ती आधी घ्या. माझ्या खोलीचा सध्याचा हिशोब असा: चाळीस जागा, त्यातले पंचवीस तीनशे रुपये देतात, पंधरा विद्यार्थी पन्नास. जमा आठ हजार दोनशे पन्नास. गायक किंवा गायिकेला चार हजार, तबला आणि पेटीला प्रत्येकी साडेसतराशे, तंबोऱ्यांवरच्या दोघांना पाचशे-पाचशे. एकूण साडेआठ हजार. वरचे अडीचशे, रिक्षा आणि चहा माझा. हे बाजारभाव नव्हेत, तुमच्या खोलीचं गणित वेगळं असेल, पण कागदावर मांडा. विद्यार्थ्यांना फुकट सोडू नका, पन्नास तरी घ्याच. पैसे भरून आलेला मुलगा शेवटपर्यंत बसतो, हा माझा अनुभव आहे.

माणसं कमी आली तर तूट तुमची. पाऊस पडला, भारत-पाकिस्तान सामना लागला, वीसच जण आले, तरी ठरलेला आकडा जसाच्या तसा द्यायचा. हे परवडणार नसेल तर बैठक भरवू नका, श्रोता म्हणून जात राहा. त्यात काहीही कमीपणा नाही.

आणि ‘पैसे नाहीत, पण चांगली माणसं ऐकायला येतील, पुढे संधी मिळेल’ हे वाक्य कधीही, कुणालाही म्हणू नका. चांगली माणसं ऐकायला येणार असतील तर त्यांच्याकडून तीनशे रुपये घ्या. शालीचे आणि गुच्छाचे पैसेही पाकिटातच घाला. गाणाऱ्या मुलांच्या घरी शालींचा ढीग असतो, घरभाडं मात्र दर महिन्याला द्यावं लागतं.

पाकीट द्यायची वेळही सांगतो. गाणं संपल्यावर लोकांच्या गराड्यात नको आणि ‘उद्या पाठवतो’ तर नकोच. सुरू होण्यापूर्वी, तंबोरे लावत असताना, सगळ्यांना आतल्या खोलीत शांतपणे द्या, किंवा आदल्या दिवशी यूपीआयने पाठवा. पैशांचा विषय डोक्यातून गेलेला कलाकार वेगळा गातो.

बँडवाल्या मुलांबद्दल

हेच सगळं कॉलेजच्या बँडनाही लागू आहे, तपशील थोडे बदलतात. फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत कॉलेजची मुलं काय ताकदीचं संगीत उभं करतात ते एकदा जाऊन बघा. पदवी झाली की मात्र तालमीच्या खोलीचं भाडं, ड्रमसेटची ने-आण आणि नोकरी यांत निम्मे बँड मोडतात. २०१०मध्ये एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव पुण्यात सुरू झाल्यापासून मोठ्या मैदानाचं स्वप्न सगळ्यांना दिसतं, पण मैदानाआधी बुधवारची रात्र असते आणि समोर बारा जण. त्या बारांतले एक व्हा. प्रवेशाचे पैसे द्या, पुढे उभे राहा, ओळखीच्या सिनेमागाण्यांचा धोशा लावू नका, त्यांची स्वतःची गाणी ऐका. त्यांनी टी-शर्ट किंवा सीडी विकायला ठेवली असेल तर विकत घ्या. ते पैसे थेट त्यांच्या हातात जातात.

बैठक संपल्यावर

चहा, पोहे, गप्पा, हे तुम्हाला सांगायला नको. एक वही ठेवा: तारीख, राग, कोण आलं, किती जमले, कुणाला किती दिले. पुढच्या वेळी आकडा वाढवताना ती उपयोगी पडते, आणि वाढवायचाच. दोन वर्षांपूर्वीच्या पैशांत आजचा माणूस बोलावू नका. श्रोत्यांतल्या ज्याचं घर मोठं आहे त्याला तिथेच विचारा, पुढची बैठक तुमच्याकडे ठेवू या का. माझ्या ओळखीत अशी चार घरं झाली आहेत आणि आता आम्ही पाळी लावून घेतो.

सगळे गेले तरी तुम्ही आत जाऊ नका. तबलजी डग्ग्याची पिशवी आवळत असतात, तंबोऱ्यांना गवसणी चढायची असते, आणि रात्री पेठेतल्या गल्लीत तंबोऱ्यासकट बसवून घेणारी रिक्षा सहज मिळत नाही. रिक्षा तुम्ही थांबवा, भाडं आधी देऊन ठेवा, आणि एक तंबोरा स्वतः उचलून, भोपळ्याखाली हात धरून, जिना उतरा.