गावातल्या कामाचा हिशोब मागायचाय? असा मागा

रस्ता झाला, बोर्ड लागला, उद्घाटनाचे फोटो ग्रुपवर फिरले आणि पहिल्याच पावसात खडी वर आली. मग पारावर सगळेच म्हणतात पैसे खाल्ले, पण नुसतं म्हणून कोणाचं काही वाकडं होत नाही. किती खाल्ले ते आकड्यात मांडलं तरच समोरच्याला उत्तर द्यावं लागतं, आणि तो आकडा काढायला मोठी संस्था लागतेच असं नाही, पाच-सहा भरवशाची माणसं, मोजायची टेप आणि थोडी चिकाटी पुरते.

आधी पैसा कुठून आला ते बघा. ग्रामपंचायतीचं काम असेल तर ई-ग्रामस्वराज पोर्टलवर गावाचं नाव टाकून मंजूर कामं आणि खर्च दिसतो, मोबाईलवर पण बघता येतं. पोकरासारखा (नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प) जागतिक बँकेच्या पैशातला प्रकल्प असेल तर त्याची मूळ कागदपत्रं बँकेच्या वेबसाईटवर असतात, आणि घोटाळ्याची तक्रार घ्यायला बँकेचा वेगळा विभाग आहे, तिथे कोणीही लिहू शकतं. बाहेरचा पैसा आहे, आपलं काय जातंय, असं बरेच जण बोलतात, ते मला अजिबात पटत नाही. तो पैसा बहुतेक वेळा कर्ज असतो आणि ते कर्ज आपल्याच टॅक्समधून फिटतं.

आता माहिती अधिकाराचा अर्ज. महाराष्ट्रात फी 10 रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चिकटवला तरी चालतो, दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही. अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत ठेवा, नाहीतर त्याच कारणावरून परत येतो. "भ्रष्टाचार का झाला" असले प्रश्न विचारू नका, कागद मागा. एवढंच लिहा: "अमुक वस्तीवरील सिमेंट रस्त्याचे अंदाजपत्रक, तांत्रिक व प्रशासकीय मंजुरी, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, देयके व प्रमाणके, साहित्य चाचणीचे अहवाल आणि पूर्णत्वाचा दाखला यांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात." यात सगळ्यात महत्त्वाची मोजमाप पुस्तिका, म्हणजे एमबी, झालेल्या कामाची मापं यात लिहिलेली असतात, कारण बिल निघतं ते तिच्यातल्या आकड्यांवर. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करा, तिथेही दाद मिळाली नाही तर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. अजून एक गोष्ट फार कमी लोकांना माहिती असते, याच कायद्यात कामाची पाहणी करायचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घ्यायचाही हक्क आहे, तोही अर्जात मागा.

कागद हातात आले की थेट रस्त्यावर जा. समजा एमबीत लिहिलंय लांबी 200 मीटर, रुंदी 3 मीटर, जाडी 15 सेंटिमीटर, म्हणजे 90 घनमीटर काँक्रीट. जागेवर जाडी 10 सेंटिमीटरच भरली तर झालं 60, म्हणजे एक तृतीयांश माल रस्त्यात नाहीच. कडेला जाडी दिसते पण कड फसवते, म्हणून मधल्या भागाच्या कोअर टेस्टची, म्हणजे काँक्रीटचा गोल तुकडा कापून काढून तपासण्याची, लेखी मागणी करा, स्वतः रस्ता फोडू नका.

हे मोजायचं का एवढं सांगतोय त्याला कारण आहे. इंडोनेशियात जावा बेटावर 608 गावांत जागतिक बँकेच्या पैशातून रस्ते होत होते, तिथे 2003-04 मध्ये संशोधकांनी रस्त्यांचे नमुने खोदून काढून किती पैसा गायब झाला ते काढलं. जिथे आधीच सांगितलं होतं की सरकारी ऑडिट नक्की होणार आणि निकाल गावसभेत वाचला जाणार, तिथे गायब खर्चाचा वाटा सुमारे 8 टक्के पॉइंटनी कमी झाला. आणि जिथे फक्त लोकांना मीटिंगला जास्त संख्येने बोलावलं तिथे मजुरीतली चोरी घटली पण मालातली तशीच राहिली, कारण आपली मजुरी बुडाली हे प्रत्येकाला लगेच कळतं, सिमेंट कमी पडलं हे मोजल्याशिवाय कळत नाही. म्हणून मदत देणाऱ्यांना खरंच काही करायचं असेल तर कार्यशाळा आणि बॅनर कमी करावेत, मोजणाऱ्या इंजिनिअरचा पगार द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आकडे जमले की ते लोकांसमोर वाचा. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटन या मजूर-शेतकऱ्यांच्या संघटनेने डिसेंबर 1994 मध्ये कोटकिराना गावात पहिली जनसुनवाई घेतली, मस्टर (मजुरांची हजेरी) आणि बिलं मोठ्याने वाचली आणि ज्यांची नावं त्यात होती त्यांनाच विचारलं, तुम्ही काम केलं का, पैसे मिळाले का. माहिती अधिकाराची चळवळ तिथूनच वाढली, आणि या संघटनेने परदेशी फंडिंग घेतलं नाही, हेही लक्षात ठेवा. आपल्याकडे 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आणि 26 जानेवारीच्या सुमारास ग्रामसभा होतात, तिथे विषय आधीच लेखी द्या आणि ठराव इतिवृत्तात आला का ते तिथल्या तिथे बघा.

मदतीला एखादी संस्था येत असेल तर तिचाही हिशोब मागा, लाजू नका. महाराष्ट्रातल्या नोंदणीकृत ट्रस्टना ऑडिट धर्मादाय आयुक्तांकडे द्यावं लागतं. सरकारी पैशावर मोठ्या प्रमाणात चालणाऱ्या संस्था माहिती अधिकाराखाली येतात, सुप्रीम कोर्टाने 2019 मध्ये तसं सांगितलंय.

आणि एकट्याने जाऊ नका, हे मी हात जोडून सांगतोय. तळेगाव दाभाडेच्या सतीश शेट्टींचा 2010 मध्ये खून झाला, जमिनीचे घोटाळे बाहेर काढत होते ते. अर्ज चार-पाच जणांच्या नावाने करा, महिला बचत गटातल्या ताईंना सोबत घ्या, कागद आले की त्याच दिवशी फोटो काढून गावाबाहेरच्या दोन-तीन माणसांकडे पाठवा. फरक सापडला तर मोजणीचा तक्ता आणि एमबीची प्रत जोडून गटविकास अधिकारी, झेडपीचे सीईओ आणि गरज पडली तर लोकायुक्तांकडे तक्रार द्या, कोणी लाच मागितली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा (एसीबी) नंबर 1064. प्रत्येक अर्जाची पोच शिक्क्यासकट घ्या, शिक्का मारायला टाळाटाळ केली तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा.