‘स्वर्गात कोण जाते?’ असे कोणी विचारल्यास ख्रिस्ती श्रद्धा कशी समजावून सांगावी

नाशिकमध्ये ख्रिस्ती माणसाच्या दफनविधीला शेजारी आणि कामावरचे सहकारीही येतात. शवपेटीवर मूठभर माती टाकण्याची पाळी आली की ते क्षणभर थबकतात, मग टाकतात, आणि फाटकाबाहेर आल्यावर हात झटकत विचारतात, “भाऊ, तुमच्यात स्वर्गात नेमके कोण जाते?” पाळकांना या प्रश्नाची सवय असते. हे टिपण दर रविवारी उपासनेला जाणाऱ्या, पण अशा वेळी अडखळणाऱ्या सभासदांसाठी आहे.

मी स्वतः एकदा “जे चांगले वागतात ते जातात” असे सांगून मोकळा झालो होतो. “मग आमचेही तेच आहे की,” एवढे बोलून सहकारी चहाच्या टपरीकडे वळला, आणि लहानपणापासून ऐकलेली शिकवण आपण एका वाक्यात उलटी करून सांगितली, हे मला घरी पोहोचल्यावर उमगले. म्हणून सुरुवात चांगल्या वागणुकीपासून करू नये.

सुरुवात शब्दांपासून करावी. ज्या गावात रामकुंडावर अस्थिविसर्जनासाठी दुरून माणसे येतात, तेथे विचारणाऱ्याच्या मनात मोक्ष असतो, म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका. आणि स्वर्ग म्हणजे पुण्य सरेपर्यंतचा मुक्काम. ख्रिस्ती ‘तारण’ हे या दोहोंपैकी काहीच नाही. मनुष्याला एकदाच मरणे आणि त्यानंतर न्याय नेमून ठेवला आहे, असे इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या ९व्या अध्यायात म्हटले आहे. त्यामुळे फेऱ्याचा प्रश्नच उरत नाही. माणूस पापामुळे देवापासून तुटला आहे आणि ख्रिस्ताच्या मरणाने व पुनरुत्थानाने देवानेच ते नाते पुन्हा जोडले, हा तारणाचा गाभा आहे. शिवाय आत्मा वर गेला की सारे संपले, असेही ख्रिस्ती श्रद्धा मानत नाही. शेवटी शरीराचे पुनरुत्थान होईल आणि नवे आकाश व नवी पृथ्वी येईल, अशी तिची आशा आहे. मातीत ठेवण्याची प्रथा या आशेशी जोडलेली आहे, तरी दहनाने तारणात बाधा येते असा समज करून देऊ नये, कारण कॅथलिक चर्चनेही १९६३मध्ये दहनाला परवानगी दिली.

यानंतर कृपा आणि कृत्ये यांचा क्रम सांगावा, आणि येथे घाई करू नये. इफिसकरांस पत्राच्या २ऱ्या अध्यायातील ८वे व ९वे वचन आपल्याकडे पुष्कळांना तोंडपाठ असते : तारण विश्वासाच्या द्वारे कृपेने होते, ते देवाचे दान आहे, कृत्यांचे फळ नाही. पण आपण तेथेच थांबतो. १०वे वचनही वाचून दाखवावे, कारण त्यात माणूस सत्कृत्यांसाठीच निर्माण केलेला आहे, असे म्हटले आहे. भुकेल्याला अन्न आणि तहानलेल्याला पाणी देण्यावरून निवाडा होतो तो मत्तयाचा २५वा अध्याय आणि विश्वास क्रियांवाचून निर्जीव आहे असे बजावणारे याकोबाचे पत्र ही झाकून ठेवण्याची प्रकरणे नव्हेत. झाडाला फळ येते म्हणून ते जिवंत आहे हे कळते, फळे बाहेरून बांधून मेलेले झाड जगत नाही, एवढे सांगितले तर द्राक्षबागांच्या या जिल्ह्यात कोणालाही समजते.

मग आपण कोणत्या चर्चचे मत सांगत आहोत हे स्पष्ट करावे. नाशिक रोडच्या बाळ येशू मंदिरात जाणारा कॅथलिक माणूस स्नानसंस्कार (बाप्तिस्मा), कृपेला दिलेली साथ आणि मरणोत्तर शुद्धीस्थान, म्हणजे स्वर्गात जाण्याआधी आत्मा शुद्ध होण्याची अवस्था, यांविषयी बोलेल आणि २ नोव्हेंबरला मृतांसाठी प्रार्थना करील. बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्या शुद्धीस्थान मानत नाहीत आणि केवळ विश्वासाने देवापुढे नीतिमान ठरण्यावर भर देतात. जुना वाद आता पूर्वीइतका धारदार राहिलेला नाही, कारण कॅथलिक आणि ल्युथरन चर्चनी १९९९मध्ये नीतिमान ठरवले जाण्याविषयी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. “सगळे ख्रिस्ती असेच मानतात” हे वाक्य मात्र टाळावे.

सर्वांत अवघड प्रश्न बहुधा शेवटी येतो : ज्याने ख्रिस्ताला मानले नाही, त्याचे काय? येथे गोड बोलून वेळ मारून नेऊ नये. आपल्याद्वारेच पित्याकडे येता येते, हे येशूचे म्हणणे योहानाच्या १४व्या अध्यायात आहे, आणि अनेक मंडळ्या त्यावरून ख्रिस्तावरील उघड विश्वास आवश्यक मानतात. दुसरीकडे, स्वतःचा दोष नसताना ज्यांना सुवार्ता, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश, कळली नाही, पण जे मनापासून देवाचा शोध घेतात आणि कृपेच्या साहाय्याने विवेकानुसार वागतात, त्यांनाही तारण मिळू शकते, असे कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४मध्ये म्हटले. दोन्ही बाजू सांगाव्यात, आणि आपली कोणती हेही सांगावे. जलालपूरला जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांचे पती नारायण वामन टिळक १८९५मध्ये ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला १९००मध्ये; मधल्या वर्षांत हा प्रश्न त्या एका संसारातच उभा होता. आजही विचारणाऱ्याच्या मनात बहुधा सिद्धान्त नसतो, स्वतःची आई किंवा वडील असतात. म्हणून अमुक मृत व्यक्ती नरकात गेली, असे कोणाविषयीही बोलू नये. संतपद जाहीर करणाऱ्या कॅथलिक चर्चनेही नाव घेऊन कोणाला नरकवासी ठरवलेले नाही.

एवढे सगळे फाटकाबाहेर उभ्याने सांगता येत नाही. अशा वेळी मी लूकच्या २३व्या अध्यायातील ३९ ते ४३ ही पाच वचने मोबाइलवर उघडून देतो. येशूच्या शेजारी वधस्तंभावर असलेल्या दोघांपैकी या गुन्हेगाराचा बाप्तिस्मा झालेला नव्हता आणि सत्कृत्यांना वेळही उरला नव्हता. त्याने येशूला फक्त आठवण ठेवण्याची विनंती केली आणि त्याच दिवशी सुखलोकाचे वचन त्याला मिळाले. वाचून झाल्यावर समोरचा बहुतेक वेळा विचारतो, “आणि दुसऱ्या बाजूच्या गुन्हेगाराचे काय झाले?” त्यावर लूकने काहीच लिहिलेले नाही, असे मी सांगतो, आणि आम्ही चहाला जातो.