वाडीत कोणी जीव देण्याच्या विचारात असल्यास काय करावे

तुडतुडे आणि फुलकिड्यांनी मोहोर गेलेला बागायतदार, जून-जुलैच्या मासेमारी बंदीत बोटीचे हप्ते थकलेला मच्छीमार, मुले मुंबईला असल्याने घरात एकटी उरलेली म्हातारी, यांच्याकडे वाडीचे लक्ष असावे हे खरे. परंतु आत्महत्येला एकच कारण क्वचितच असते, म्हणून कर्जाच्या आकड्यावरून धोका मापू नये. पाहायचे ते वागण्यातील बदल: भजनाला नेमाने येणारा माणूस येईनासा होणे, झोप उडणे, दारू वाढणे, जमिनीचे कागद वा दागिने अचानक वाटून टाकणे, ‘माझे ओझे आता कोणाला नको’ असे बोलणे.

अशा वेळी चारचौघांत नव्हे, तर पडवीत एकटे गाठून स्पष्ट विचारावे: “काका, जीव द्यावा असं मनात येतं का?” विचारल्याने तो विचार मनात भरतो, हा समज चुकीचा आहे, उलट बहुतेकांना कोणीतरी विचारले याने हलके वाटते. उत्तर ‘हो’ आले, तर कसे आणि केव्हा हे ठरवले आहे का, तेही विचारावे. ‘मन घट्ट करा’, ‘पोरांचा विचार करा’ ही वाक्ये आपल्याकडे सवयीने तोंडी येतात, पण ऐकणाऱ्याच्या मनात ती अपराधीपणाच वाढवतात. ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन मात्र देऊ नये.

बेत ठरलेला असेल, तर त्या व्यक्तीला क्षणभरही एकटे सोडू नये आणि 112 किंवा रुग्णवाहिकेसाठी 108 क्रमांकावर फोन करावा. फवारणीची औषधे मांगरातून (शेतातल्या खोपटातून) किंवा पडवीतून त्याच दिवशी हलवून दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवावीत, घरातील गोळ्यांचेही तसेच करावे. हा उपाय अनेकांना वरवरचा वाटतो. पण टोकाचा आवेग पुष्कळदा थोडा वेळच टिकतो, आणि श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आल्यानंतर आत्महत्यांचे प्रमाण मोठ्या प्रमाणावर घटले.

धोका तातडीचा नसेल, तरी 14416 या टेली-मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) मोफत क्रमांकावर चोवीस तासांत केव्हाही मराठीत बोलता येते. त्या व्यक्तीला कसे सांभाळावे हे नातेवाइकांनीही तेथे विचारावे. उपचारांसाठी जिल्हा रुग्णालय आहे, रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत आशाताई सोबत येऊ शकतात. देवाला कौल लावायचा असल्यास खुशाल लावावा, डॉक्टरकडे जाणे त्यासाठी थांबवू नये. पोलीस केसच्या भीतीने प्रयत्न लपवणारी घरे आजही आहेत. पण मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 115 नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिच्यावर उपचार व पुनर्वसनाची जबाबदारी शासनावर येते.

रुग्णालयातून परतल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत जोखमीचे असतात, आणि नेमके तेव्हाच वाडी संकोचाने गप्प राहते. म्हणून कोणी कोणत्या दिवशी भेटायला जायचे, औषधे आणि पुढची तपासणी कोणी सांभाळायची हे दोघा-तिघांनी वाटून घ्यावे. मुंबईच्या मुलांनी रोज ठरलेल्या वेळी फोन करावा. घडलेल्या प्रकाराचे फोटो वा तपशील वाडीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नयेत. रात्री-अपरात्री रुग्णालय गाठण्यासाठी कोणाची गाडी निघेल, हेही पावसाळ्याआधीच ठरवून ठेवावे.