आधी छपराला सावली, मग पंखा, एसी सगळ्यात शेवटी

आमचं घर 24 फूट लांब, 8 फूट रुंद. चाकांवरचं. लाकडी सांगाडा, आतून प्लायवूड, वर पत्रा, एका टोकाला झोपायचा माळा. मी आणि बाबा राहतो. त्यांचं वय 78. पहिल्याच उन्हाळ्यात एकदा दुपारी तीनला बाहेरून आले, तर बाबा घराच्या सावलीत खुर्ची टाकून बसलेले. म्हणाले, "आत बसवत नाही गं." ते वाक्य मला लागलं. तेव्हापासून चार उन्हाळे मी या घराचा उकाडा कमी करायच्या मागे आहे. त्यातून जे खरंच उपयोगी पडलं, ते सांगते.

छोट्या घराची अडचण नीट समजून घ्या. मोठ्या घरात एक खोली तापली तर माणूस दुसरीत जाऊन बसतो. इथे दुसरी खोली नाही. शिवाय आत हवाच कमी. मी हिशेब केला: आमच्या घरातल्या सगळ्या हवेचं वजन 60 ते 65 किलो भरतं. एवढी हवा एका अंशाने तापवायला 1 किलोवॅट उष्णतेला जेमतेम मिनिटभर लागतं. आता छप्पर बघा. स्वच्छ आकाश आणि सूर्य डोक्यावर असेल तर दर चौरस मीटरवर साधारण 1000 वॅट ऊन पडतं. आमचं छप्पर सुमारे 18 चौरस मीटरचं, म्हणजे 18 किलोवॅट. सगळं काही आत येत नाही, पण थोडाच भाग आला तरी पुरतो. म्हणून ऊन घराला लागायच्या आधीच अडवायचं. आत शिरलेली उष्णता बाहेर काढण्यापेक्षा हे कितीतरी सोपं आहे.

मला हे कळलं ते पैसे घालवून. पहिल्या वर्षी मी आधी दीड टनाचा एसी घेतला. विक्रेत्याने मोठाच घ्या म्हणून आग्रह धरला होता. पाच मिनिटांत हवा गार व्हायची, कॉम्प्रेसर बंद पडायचा, आणि डोक्यावरची धग तशीच. एसी इतक्या लवकर बंद झाला की हवेतला दमटपणा काढायला त्याला वेळच मिळत नाही. थंड पण चिकट वाटायचं. थर्मामीटर 28 दाखवत होता आणि बाबा घामाने निथळत होते, कारण तापलेलं छत खाली उष्णता फेकत होतं. हवेचा आकडा तेवढा बघून भागत नाही, छताचाही बघावा लागतो.

त्यासाठी साधा इन्फ्रारेड थर्मामीटर आणा, लांबून रोखला की पृष्ठभागाचं तापमान दाखवणारा. एक काळजी घ्या: चकचकीत धातूवर तो चुकीचा, बहुधा फारच कमी आकडा दाखवतो. तिथे कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि त्यावर मापा. आमच्या छताची आतली बाजू दुपारी 51 अंश होती.

छपरावर मी तीन गोष्टी केल्या. पहिली, पत्रा धुऊन पांढऱ्या, ऊन परतवणाऱ्या रंगाचे दोन हात. छत 42 वर आलं. धूळ बसली की हा रंग निकामी होत जातो, त्यामुळे उन्हाळ्याच्या तोंडावर आणि मध्ये एकदा छप्पर धुते.

दुसरी, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची, म्हणजे छपरावर शेडनेट. पत्र्याला टेकवून नाही, दीड-दोन वीत वर. चारी बाजूंना पाइपाची चौकट, त्यावर 75 टक्के सावलीची जाळी, खालून वारा आरपार. जाळी तापते, पण तिच्याखालची गरम हवा वाहून जाते आणि पत्र्यापर्यंत धग फारशी पोहोचत नाही. जुन्या जीपगाड्यांना उष्ण प्रदेशासाठी असंच दुहेरी छप्पर देत असत. दोऱ्यांना सरकफास मारा, वादळाची चिन्हं दिसली की जाळी दोन मिनिटांत उतरवता आली पाहिजे. वाऱ्याने फुगलेली जाळी चौकट उखडते.

तिसरी गोष्ट आतली: छताला इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर. घर अजून बांधायचं असेल तर भिंतींपेक्षा छताला जास्त जाडी द्या. सांगाडा लोखंडी असेल तर त्यातून उष्णता थेट आत येते, तेव्हा त्याच्यावरूनही सलग थर गेला पाहिजे. चंदेरी फॉइल लावणार असाल तर तिच्या चकचकीत बाजूला निदान 2 सेंटिमीटर मोकळी हवा ठेवा. मी ती आधी दोन प्लायवूडच्या मध्ये दाबून बसवली होती, काडीचा फरक पडला नाही. चिकटून बसली की फॉइल म्हणजे नुसता धातू, आणि धातूतून उष्णता सरळ पुढे जाते.

मग खिडक्या. काचेतून ऊन आत आलं, फरशीवर पडलं, की त्याची उष्णता होते आणि ती काचेतून तशी परत जात नाही. म्हणून आतला पडदा कितीही जाड असला तरी उशीर झालेला असतो. सावली काचेच्या बाहेर हवी. पश्चिमेची खिडकी सगळ्यात वाईट. दुपारनंतरचं ऊन तिरपं येतं, छज्जाखालून सरळ आत शिरतं. तिथे मी बाहेरून खाली सोडायची जाळी लावली आहे. घर चाकांवर असेल तर आणखी एक सोय आहे: ते वळवून उभं करा. आम्ही 8 फुटांची भिंत पश्चिमेला केली, 24 फुटांची बाजू त्या उन्हातून सुटली.

रात्रीच्या गारव्याचं मात्र छोट्या घराला वरदान आहे. लाकडी घर उष्णता फार साठवत नाही, लवकर तापतं तसं लवकर निवतं. दोन थर्मामीटर ठेवा, एक आत, एक बाहेर सावलीत. बाहेरचा आकडा आतल्याच्या खाली गेला की उघडा, सकाळी वर चढायला लागला की सगळं बंद करून सावल्या सोडा. घड्याळ बघून उघडू नका. आम्ही संध्याकाळी सहालाच खिडक्या उघडायचो आणि बाहेरची झळ आत घ्यायचो.

गरम हवा वर जाते, म्हणून माळ्यावर बाहेर हवा फेकणारा एक्झॉस्ट पंखा बसवा आणि लांबच्या टोकाची, खालची खिडकी उघडा. पंख्याजवळची खिडकी बंदच ठेवा, नाहीतर पंखा तिथलीच हवा ओढून परत फेकतो आणि घर तसंच राहतं.

आतली उष्णताही मोजा. शांत बसलेला माणूस साधारण 100 वॅट देतो. फ्रिज, लॅपटॉप, शेगडी जे काही वापरतात, ते शेवटी उष्णता होऊन घरातच राहतं. कडक उन्हाळ्यात आमचा स्वयंपाक बाहेर, छताखाली होतो.

छताचा पंखा खोली गार करत नाही, अंगावरचा घाम उडवतो. म्हणून कोणी नसताना बंद. हवा 35 अंशांच्या वर गेली की कोरड्या अंगावर पंखा पुरत नाही; मानेवर, हातांवर ओलं फडकं ठेवा. एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे 0.67 युनिट विजेइतकी उष्णता घेऊन जातं. कूलरचं तत्त्वही हेच, पण तो कोरड्या हवेतच चालतो आणि समोरची खिडकी उघडी लागते. बंद घरात कूलर म्हणजे दमट कोंडवाडा.

सावल्या झाल्यावर मी तो एसी विकून पाऊण टनाचा इन्व्हर्टर एसी घेतला. तो हळू, सतत चालतो आणि हवा कोरडी ठेवतो. एकाच नळीचा फिरता एसी घेऊ नका. तो घरातली हवा बाहेर टाकतो आणि तेवढीच गरम हवा फटींमधून आत खेचतो.

घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर एक गोष्ट पाठ करून ठेवा. अंग तापलं आहे आणि बोलणं असंबद्ध झालं आहे, तर तो उष्माघात असू शकतो. लगेच रुग्णवाहिका बोलवा, ती येईपर्यंत अंगावर पाणी ओतत राहा आणि वारा घाला.

बाबा आता उन्हाळ्यात माळ्यावर झोपत नाहीत. खालच्या खिडकीशी त्यांच्यासाठी घडीचा पलंग केला आहे, उशीजवळ पाण्याचा तांब्या. माळा तापाच्या दोन महिन्यांत रिकामा असतो, तिथे फक्त पंखा फिरतो.