वडीलधाऱ्यांची ऑनलाइन कामे करून देताना

वडोदऱ्यात दांडिया बाजार किंवा रावपुऱ्याकडच्या मराठी घरातले नातवंड महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकत असले, की आजोबांच्या निवृत्तिवेतनापासून आत्याच्या वीजबिलापर्यंत सगळी ऑनलाइन कामे त्याच्याकडे येतात. ही कामे झटपट उरकण्यापेक्षा, ज्याचे काम आहे त्याला आपल्या नावाने काय होत आहे हे कळणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला घ्या. २०१४ पासून चालू असलेल्या केंद्र सरकारच्या 'जीवन प्रमाण' सेवेत आता चेहऱ्याच्या पडताळणीने घरबसल्या हा दाखला मिळतो. त्यासाठी 'आधार फेस आरडी' आणि 'जीवन प्रमाण' ही दोन्ही अ‍ॅप फक्त प्ले स्टोअरवरून घ्यावीत. कुणी पाठवलेल्या दुव्यावरून मुळीच घेऊ नयेत. आधार क्रमांक, पीपीओ (निवृत्तिवेतन मंजुरीच्या आदेशाचा) क्रमांक आणि बँक खात्याचा तपशील आधीच काढून ठेवावा. प्रथम अ‍ॅप चालवणाऱ्याची, म्हणजे तुमची, आधारद्वारे नोंद होते आणि मग आजोबांची पडताळणी होते. त्यांना खिडकीकडे तोंड करून बसवावे, कारण पाठीमागून उजेड आला की चेहरा नीट टिपला जात नाही. पडद्यावरचा मजकूर इंग्रजीत असेल, तर प्रत्येक संमती त्यांना मराठीत वाचून दाखवावी आणि त्यांनी होकार दिल्यावरच पुढे जावे. एवढे केल्याने काम दहा मिनिटे लांबते, पण पुढच्या वर्षी आजोबा स्वतःहून प्रश्न विचारू लागतात. प्रमाण क्रमांकाचा, म्हणजे तयार झालेल्या दाखल्याच्या क्रमांकाचा, एसएमएस आला म्हणजे काम संपले असेही नाही. निवृत्तिवेतन देणाऱ्या कार्यालयाने दाखला स्वीकारला की नाही, हे नंतर पाहावे लागते.

आजी यूपीआय पिन टाकत असताना आपण नजर दुसरीकडे वळवावी. पैसे मिळण्यासाठी पिन कधीच लागत नाही, हे तिला एकदा स्वतः एक रुपया पाठवून दाखवावे. नुसत्या सांगण्यापेक्षा ते तिच्या अधिक लक्षात राहते. आधारची प्रत कुठे द्यावी लागली आणि तिथे चालत असेल, तर शेवटचे चारच आकडे दिसणारी प्रत द्यावी आणि काम झाल्यावर आपल्या फोनमधले त्या प्रतीचे छायाचित्र पुसून टाकावे.

व्हॉट्सअ‍ॅपवर दुहेरी बाण असलेला निरोप अनेक हातांतून आलेला असतो, एवढे घरात सर्वांना सांगून ठेवावे.

इतके करूनही फसवणूक झालीच, तर रागावण्यात वेळ घालवू नये. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा, बँकेला कळवावे आणि व्यवहाराचा क्रमांक, वेळ व आलेले निरोप जपून ठेवावेत. वडीलधारी माणसे अशा वेळी लाजेपोटी गप्प बसतात आणि त्या गप्प बसण्यात पैसे पुढच्या खात्यांत निघून जातात. म्हणून 'असे काही झाले तर आधी मला सांगा, मी रागावणार नाही', हे त्यांना आजच सांगून ठेवावे.