आई-वडिलांचा तोल सांभाळायचा, तर आधी त्यांचा स्वभाव पाहा

घरातील ज्येष्ठ व्यक्ती पडू नये म्हणून आपण न्हाणीघरात दांडी बसवतो, गुळगुळीत लादी बदलून घेतो आणि काम झाले असे समजतो. ही कामे करायलाच हवीत. परंतु एकाच इमारतीत, एकाच मापाच्या घरांत राहणाऱ्या दोन समवयस्कांपैकी एक वारंवार पडतो आणि दुसरा पडत नाही, याचे कारण नेहमी लादीत सापडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार ६५ वर्षांवरील २८ ते ३५ टक्के व्यक्ती दरवर्षी एकदा तरी पडतात. त्यामागे स्नायूंची ताकद, दृष्टी, रक्तदाब आणि औषधे असतात, तसाच माणसाचा स्वभाव आणि त्याची मनःस्थितीही असते. म्हणून घराची पाहणी करण्यापूर्वी माणसाची पाहणी करावी.

सुरुवात एका साध्या चाचणीने करता येते. आई किंवा वडील रोजच्या चपला घालून हात असलेल्या खुर्चीत बसतील, मग उठून नेहमीच्या वेगाने तीन मीटर चालतील, वळतील आणि परत येऊन बसतील, अशी व्यवस्था करावी. मुंबईतल्या बहुतेक घरांत हॉलच्या एका भिंतीपासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत तेवढे अंतर मिळते. कोणीतरी शेजारून चालावे आणि वेळ मोजावा. बारा सेकंद किंवा त्याहून अधिक लागल्यास पडण्याचा धोका आहे असे समजून डॉक्टरांना दाखवावे. मात्र चाचणीपूर्वीच त्यांना विचारून ठेवावे की पडण्याची भीती कितपत वाटते. खरा उपयोग या दोन उत्तरांची तुलना करण्यात आहे. सिडनीमधील ७० ते ९० वयोगटातील ५०० जणांचा असाच अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा सुमारे एक तृतीयांश जणांच्या बाबतीत मनाला वाटणारा धोका आणि शरीराचा प्रत्यक्ष धोका यांचा मेळ बसत नसल्याचे दिसले. शरीर ठीक असूनही धास्तावलेल्यांमध्ये चिंतातुर स्वभाव आणि नैराश्याची लक्षणे अधिक आढळली. उलट शरीर कमजोर असूनही फारशी भीती न बाळगणारे लोक आयुष्याकडे उमेदीने पाहणारे आणि चालते-फिरते होते, आणि त्यांची ही वृत्ती पडण्यापासून त्यांचे काही अंशी रक्षणच करत होती.

चाचणी चांगली, पण भीती मोठी, असे असेल तर काळजीपोटी बाहेर जाण्यास मनाई करणे ही आपल्याकडची सर्वांत सामान्य आणि सर्वांत घातक चूक ठरते. घाबरलेला माणूस अंग ताठ करतो, पावले आखूड टाकतो, नजर सतत पायांवर ठेवतो आणि त्याचे अर्धे लक्ष चालण्यापेक्षा भीतीतच अडकते. पुढे तो जिना टाळतो, भाजी आणणे सोडतो, काही महिन्यांत मांड्यांची ताकद जाते आणि सुरुवातीला केवळ मनात असलेला धोका खरा होतो. हे चक्र उलटे फिरवायचे तर पायरी लहान ठेवावी. आधी इमारतीच्या आवारात, मग रोज एकाच ठरावीक वेळी कोपऱ्यापर्यंत, पुढे जवळच्या बागेपर्यंत सोबतीने जावे आणि काही दिवसांनी सोबत करणाऱ्याने हात सोडून दोन पावले मागे चालावे. उखडलेले पेव्हर ब्लॉक आणि फेरीवाल्यांची गर्दी टाळणारा रस्ता आपणच आधी चालून निवडावा. घरी ओट्याला धरून टाचा उचलणे आणि खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे, हे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावेत. जमिनीवरून कसे उठायचे याचाही त्यांच्याकडूनच सराव करून घ्यावा, कारण पडल्यावर उठता येते ही खात्री धास्ती बरीच कमी करते.

याच्या अगदी उलट माणूस म्हणजे ‘मला काय धाड भरली आहे’ म्हणणारा. चाचणीला पंधरा सेकंद लागतात, तरी गौरी-गणपतीची भांडी काढायला तो स्वतःच स्टुलावर चढून माळ्यावर हात घालतो आणि सुरू झालेली बस धावत जाऊन पकडतो. त्याला खुब्याच्या हाडाच्या गोष्टी सांगून घाबरवू नये. त्याची उमेद हेच त्याचे बळ आहे आणि ती मोडली तर तो पहिल्या गटात जातो. माणसाशी वाद घालण्यापेक्षा वस्तूंची जागा बदलावी: भांडी माळ्यावरून खाली आणावीत, स्टूल शेजाऱ्यांना देऊन टाकावे, आणि न्हाणीघरातली दांडी ‘सगळ्यांसाठी’ म्हणून बसवावी. काठी नको म्हणणारे अनेक जण पावसाळ्यात छत्री टेकत चालतात, परंतु छत्रीचे टोक ओल्या लादीवर सटकते. म्हणून खाली रबर असलेली काठी त्यांच्या पसंतीने, त्यांना सोबत नेऊन घ्यावी.

स्वभाव सहसा बदलत नाही. मनःस्थिती मात्र बदलते आणि तिच्यावर उपचारही होतात. जोडीदाराच्या निधनानंतर किंवा चाळीतून टॉवरमध्ये राहायला गेल्यावर ओळखीची माणसे तुटल्यामुळे जेवण कमी होणे, पहाटे फार लवकर जाग येणे, चाल मंदावणे आणि कशातच मन न लागणे ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर ‘वयच झाले’ म्हणून सोडून देऊ नये. केईएम, नायर आणि सायन या महापालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत, तर टेलि-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते. येथे एक पेच आहे. नैराश्यामुळे पडण्याचा धोका वाढतो, आणि त्यावरील काही गोळ्यांमुळेही वाढतो. क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलामसारख्या झोपेसाठी वर्षानुवर्षे चालू राहिलेल्या गोळ्यांबाबत तर विशेष सावध राहावे. तरीही गोळी आपल्या मनाने एकदम बंद करणे धोक्याचे असते, त्यामुळे ती कमी कशी करायची हे डॉक्टरांनीच ठरवावे. त्यांना बसून आणि उभे राहून असा दोन्ही वेळचा रक्तदाब मोजण्याची विनंती करावी, कारण उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा अधिक उतरत असेल, तर सकाळी अंथरुणातून उठताना येणारी अंधारी ‘नर्व्हसनेस’ नसते.

घरातील बदलांविषयी थोडक्यात: रात्री शौचालयाच्या वाटेवर मंद दिवा असावा, सरकणारी पायपुसणी काढावीत आणि जून ते सप्टेंबर गळती छत्री दाराबाहेर बादलीत ठेवावी.

एवढे करूनही कोणी पडलेच, तर लगेच ओढून उभे करू नये. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, किंवा पाय टेकवत नसेल, तर १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. ‘सांगितले होते ना’ हे वाक्य मात्र गिळून टाकावे, कारण एकदा बोलणी खाल्लेला माणूस पुढच्या वेळी पडल्याचे लपवतो. त्याऐवजी शांतपणे विचारून वहीत लिहून ठेवावे की तो किती वाजता, कुठे, काय करताना पडला, आदल्या रात्री झोप झाली होती का, आणि त्या वेळी मनात काय चालले होते. काहीच न लागता पडल्याची नोंदही करावी आणि ही वही चालू असलेल्या सर्व गोळ्यांच्या पाकिटांसह पुढच्या तपासणीला न्यावी.