बिअर चाखायला जाताय? ठेचा खोलीवरच ठेवा

दर फेब्रुवारीत बर्लिनला फळांचं मोठं प्रदर्शन भरतं आणि आमच्या रावेर-यावलकडची केळीवाली चार-सहा मंडळी तिकडे जातात. मीही त्यांच्यात असतो. प्रदर्शन आटोपलं की परतीच्या विमानाआधी एखाद-दोन दिवस मोकळे मिळतात, आणि मग कुणीतरी बिअर टेस्टिंगचा क्लास शोधून काढतो. एक शिकवणारा, लांब टेबल, पाच-सहा छोटे ग्लास, प्रत्येक ग्लासाबरोबर काहीतरी खायला, असा दोन-अडीच तासांचा कार्यक्रम. बर्लिन, ब्रुसेल्स, म्युनिक आणि इकडे पुणे धरून माझे असे सात क्लास झाले. सातही वेळा आपल्या माणसांनी त्याच त्या चुका केल्या. पहिल्या दोन क्लासांत त्यातल्या निम्म्या मीच केल्या होत्या, त्यामुळे कुणाला हसायचा हक्क मला नाही. वैतागायचा मात्र आहे.

ग्लास रिकामा करायची घाई

पुण्यातला प्रसंग. अमळनेरचा माझा एक मित्र बरोबर होता. रात्रीच्या गाडीने जळगावहून निघालो, दिवसभर त्याची कामं केली. दुपारचं जेवण त्याने मुद्दाम टाळलं. का, तर "तठे खावाले भेटीच ना!" पैसे भरलेत म्हणजे वसूल झाले पाहिजेत.

पहिला ग्लास आला, 100 मिलीचा. याने एका घोटात संपवला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "हाऊ इतलीसीच दी ऱ्हायना भो!" दुसराही तसाच गेला. तिसऱ्याच्या वेळी शिकवणाऱ्याने सातूला मोड आणून, वाळवून, भाजून माल्ट कसा करतात ते सांगितलं आणि दाण्यांची वाटी फिरवली. दोन दाणे चावून बघायचे होते. याने फुटाण्यांसारखी अख्खी वाटी संपवली. चौथ्या ग्लासाला त्याचा आवाज चढला, पाचव्याला तो शेजारच्या टेबलावरच्या माणसाला कापसाच्या भावावर व्याख्यान देत होता, आणि सहावा ग्लास, म्हणजे चॉकलेटबरोबरची काळी स्टाउट, जिच्यासाठी आम्ही मुळात गेलो होतो, ती आली तेव्हा साहेब खुर्चीत मान टाकून झोपलेले.

'इतलीसी'चा, म्हणजे 'एवढीशी'चा, हिशोब एकदा करून बघा. 100 मिलीचे सहा ग्लास म्हणजे 600 मिली. क्लासमध्ये हलक्यापासून जडपर्यंत बिअर असतात, सरासरी 7 टक्के धरा. पोटात 42 मिली अल्कोहोल गेलं. आपल्याकडची 650 मिलीची मोठी बाटली 5 टक्क्यांची असेल तर तिच्यात साडेबत्तीस मिली असतं. म्हणजे इतलीसी-इतलीसी करत तुम्ही सव्वा बाटलीच्या पुढे गेलात, तेही उपाशीपोटी. बेल्जियममध्ये तर वेस्टमालेच्या मठातली ट्रिपेल नावाची बिअर एकटीच साडेनऊ टक्क्यांची असते. वाइनवाले चाखून थुंकतात. बिअरच्या क्लासात सहसा गिळतात. त्यामुळे आवर घालायचा तो घोटालाच.

माझी सवय सांगतो. क्लासच्या दोन तास आधी पोटभर पण साधं खायचं. बर्लिनला आम्ही खोलीवर मुगाची खिचडी शिजवतो, वरून तूप. मग प्रत्येक ग्लासाचे मनातल्या मनात तीन भाग करायचे. पहिला भाग नुसता. मग पदार्थाचा एक घास, तो गिळून झाल्यावर दुसरा भाग, आणि आता चव बदलली का ते बघायचं. तिसरा भाग ग्लासातच सोडायचा आणि ग्लास उचलू द्यायचा नाही. तास-दोन तासांनी समोर सहा ग्लासांची रांग लागते, सगळ्या बिअर कोमट झालेल्या असतात, आणि तेव्हा परत एकेक थेंब घेतला की कुठली खरी चांगली होती आणि कुठली फक्त गारव्यावर भाव खात होती ते कळतं. माझं निम्मं शिक्षण या रांगेने केलं. घाईवाल्यांना ती कधी दिसतच नाही.

"एकदम चिल्ड आण"

मे महिन्यात भुसावळला पारा 45 च्या वर जातो, तिथला माणूस गार मागणारच. पण ब्रुसेल्समध्ये फेब्रुवारीत, बाहेर कानटोपी घालून फिरायची वेळ, आणि आमच्यातला एक जण "ही तर गरम दिली" म्हणून ग्लास परत पाठवत होता! लागर, म्हणजे आपल्याकडची नेहमीची हलकी बिअर, 4 ते 7 अंशांवर देतात ते ठीक. बेल्जियमची एल जातीची जड बिअर मात्र 10 ते 14 अंशांवरच उघडते. फार गार झाली की जीभ बधिरते आणि वास वर येत नाही. बर्फाळ ग्लासात ओतली तर वरून फेसाचीही वाट लागते. उलट एखादी बिअर जास्तच गार आली असेल तर मी ग्लास दोन्ही तळव्यांत धरून पाच मिनिटं बसतो. लोक बघतात. बघू द्या.

ठेच्याची डबी

आता माझा खरा राग.

पुन्हा ब्रुसेल्स. आमच्यात यावलकडचे एक काका होते. परदेशी जेवणावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. बॅगेत दशम्या, शेव आणि हिरव्या मिरचीच्या ठेच्याची गच्च भरलेली डबी. क्लासमध्ये तिसऱ्या ग्लासाबरोबर मुरवलेल्या चीजचे तुकडे आले. काकांनी एक तोंडात टाकला, "अळणी आहे हे" असा निकाल दिला, आणि खिशातून डबी काढून चीजवर ठेचा लावला. तेवढ्यावर थांबते तरी चाललं असतं. पण खानदेशी माणूस एकटा खात नाही. डबी टेबलभर फिरली. समोर एक परदेशी जोडपं बसलं होतं, त्यांनीही कौतुकाने चमचाभर घेतला.

पुढचा ग्लास होता हॉप्स नावाच्या कडू फुलांनी कडक कडू केलेल्या आयपीए जातीच्या बिअरचा.

काकांनी घोट घेतला आणि त्यांचा चेहरा लाल झाला. आग विझवायला दुसरा घोट घेतला, आग वाढली. तिसरा घेतला. समोरच्या बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शिकवणारा बिचारा आत पळाला आणि कॉफीत घालायच्या दुधाच्या चिमुकल्या डब्या घेऊन आला. काकांनी एकामागून एक नऊ रिकाम्या केल्या. क्लास पंधरा मिनिटं बंद. नंतर लांबिक आली. त्या शहराच्या आसमंतातल्या हवेतल्या, रानटी यीस्टवर आंबवलेली, जगात दुसरीकडे सहजी न मिळणारी बिअर. आमच्या टेबलावर एकालाही तिची चव कळली नाही. काका म्हणाले, "आंबट पाणी आहे."

हे असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे डबी आपोआप बॅगेत राहील. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या संवेदकाला चिकटतं, तो मुळात उष्णता ओळखणारा आहे. साधारण 42-43 अंशांना तो 'भाजतंय' अशी वर्दी देतो. अल्कोहोलने तो आणखी हळवा होतो, म्हणजे एरवी नुसती ऊब वाटावी तिथेही भाजल्यासारखं वाटतं. त्यात बिअरचे बुडबुडे स्वतःच टोचणारे, आणि हॉप्सचा कडूपणा त्या आगीत भर घालतो. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, आणि 5-7 टक्के अल्कोहोल त्याला धुऊन काढायला पुरत नाही. दुधातलं केसीन हे प्रथिन मात्र त्याला ओढून घेतं. म्हणून नऊ डब्या.

"तिखटाबरोबर आयपीए" हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. सौम्य तिखटाचं मला माहीत नाही, पण काळ्या मसाल्याच्या शेवभाजीबरोबर तो पाळून बघा आणि मग माझ्याशी बोला. तिखटाला माल्टचा गोडवा लागतो, कडूपणा कमी लागतो. म्युनिकची तपकिरी डुंकेल शेवभाजीपुढे थोडीफार टिकते. खरं सांगायचं तर शेवभाजीची जोडी ताकाशीच.

क्लासच्या दिवशी मी सकाळपासून मिरचीला हात लावत नाही. घरचे याला नाटक म्हणतात.

बाकीच्या, पटापट

अंगावर अत्तर किंवा स्प्रे मारून येऊ नका, तुमच्याबरोबर आख्ख्या टेबलाचं नाक जातं. तंबाखू किंवा गुटख्याचा बार भरून बसणार असाल तर क्लासचे पैसे कुणाला तरी दान करा.

शेव खाऊन तेलकट ओठांनी ग्लासाला तोंड लावलं की फेस बसतो, आणि मग 'इथली बिअर शिळी आहे' अशी बोंब.

शाकाहारी असाल तर जागा राखतानाच लिहून कळवा. 'व्हेज' एवढ्यावर सोडू नका. म्युनिकच्या पांढऱ्या सॉसेजमध्ये वासराचं आणि डुकराचं मांस असतं. बेल्जियमचा बिअरमध्ये शिजवलेला रस्सा गोमांसाचा. कित्येक चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने जमवलेली असतात, आणि काही बिअर माशाच्या पिशवीपासून केलेल्या पदार्थाने नितळ करतात. 'व्हेगन' म्हटलं की लगेच समजतं, पण मग चीजही जातं. म्हणून मी काय खातो आणि काय नाही, याची चार ओळींची यादी पाठवतो. ताट समोर आल्यावर तोंड वाकडं करणाऱ्यांची मला कीव येत नाही.

क्रम बदलून मागू नका. हलकी आधी, जड नंतर. आधी दहा टक्क्यांची घेतलीत तर मागून येणारी पिल्सनर पाणी वाटणार.

"यात किती टक्के?" हा पहिला प्रश्न नको. दहावा चालेल.

कडू चव जिभेच्या मागच्या भागालाच कळते असं कुणीतरी ठासून सांगेल. शाळेतला तो जिभेचा नकाशा चुकीचा आहे.

फोटो आधी आणि वास नंतर, असं करू नका. फेस असतो तोवरच वास जोरात असतो.

पुण्यात क्लास असेल तर गाडी घेऊन जाऊ नका. 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमच्या पुढे गेलात की गुन्हा, आणि वरचा हिशोब तुम्ही वाचलाच आहे.

उत्तरं फोनमध्ये शोधणं

शिकवणारा विचारतो, "कसला वास येतोय?" टेबलावर शांतता. आपल्याला वाटतं याचं काहीतरी बरोबर उत्तर असणार आणि चुकलं तर हसं होईल. मग एक जण फोनमध्ये बघून 'सिट्रस' म्हणतो, दुसरा 'फ्लोरल'. आयुष्यात ज्याने ग्रेपफ्रूट हातात धरलं नाही, तोही ग्रेपफ्रूट म्हणतो.

बर्लिनच्या एका क्लासात बव्हेरियाची गव्हाची बिअर आली. तीच शांतता. आमच्याबरोबर सावद्याकडचा एक पोरगा होता, केळी पिकवायच्या चेंबरवर काम करणारा. तो दबकत म्हणाला, "तिसऱ्या-चौथ्या दिवशी चेंबरचं दार उघडलं ना, तर असाच भपका येतो." मी भाषांतर केलं. शिकवणारा खुर्चीतून उठला. गव्हाच्या बिअरचं यीस्ट आयसोअमाइल अ‍ॅसिटेट नावाचं रसायन बनवतं आणि पिकलेल्या केळ्याच्या वासातलं मुख्य रसायनही तेच. बरोबर लवंगेचाही वास असतो, तोही यीस्टचाच. पोराने पुढच्याच घोटाला लवंगही ओळखली. यात केळं अजिबात घालत नाहीत हे ऐकून आमचे दोन निर्यातदार मात्र नाराज झाले. कंटेनरचा हिशोब त्यांनी मनात मांडलेला असणार.

तेव्हापासून माझ्या वहीत असलेच शब्द असतात. 'ओल्या मातीचं कोठार.' 'दादर ज्वारीची भाकरी तव्यावर करपली.' 'उन्हात वाळणारे बिबडे', म्हणजे ज्वारीचे पापड. शिकवणाऱ्याला ते समजोत न समजोत, सहा महिन्यांनी वही उघडली की ती बिअर परत नाकाशी येते. 'फ्लोरल' वाचून काहीही येत नाही.

बाटल्या आणणं

परदेशातून येताना दारू, वाइन, बिअर सगळं मिळून 2 लिटरपर्यंत सीमाशुल्काशिवाय आणता येतं. घोळ पुढे होतो. मुंबईहून अमळनेर-नंदुरबारकडची माणसं सवयीने सुरतमार्गे गाडी पकडतात. गुजरातेत राज्य झालं तेव्हापासून, म्हणजे 1960 पासून, दारूबंदी आहे. नवापूरचं स्टेशन तर अर्धं इकडे आणि अर्धं तिकडे. बॅगेतली बाटली बेल्जियमच्या मठातली आहे हे तुम्ही कुणाकुणाला समजावणार? बाटल्या असतील त्या वेळी मनमाडमार्गे मोटारीने या.

मी गेल्या खेपेला तशाच दोन आणल्या. बाम्बेर्गची धुरकट बिअर, राउखबिअर. तिचा माल्ट बीच लाकडाच्या धुरावर वाळवतात. क्लासमध्ये बाकीचे तिला हॅमचा वास येतो म्हणत होते, आणि आम्ही चौघं एकदम "भरीत!" म्हणून ओरडलो होतो. कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचा तो वास. थंडी संपायच्या आत मळ्यात शेवटची भरीत पार्टी ठेवली. वांगी भाजली, कळण्याच्या भाकरी आल्या, माझ्यापुरतं बिनमिरचीचं भरीत वेगळं काढलं. बाटली तासभर आधी फ्रीजबाहेर काढून ठेवली होती, दहा अंशांवर यावी म्हणून. भाकरी घ्यायला आत गेलो. परत आलो तर अमळनेरवाल्याने ती सगळ्यांच्या ग्लासांत ओतून वर दोन-दोन खडे बर्फ टाकला होता.